रात्रपाळी

खासबागेतल्या आमच्या गल्लीत
पूर्वी रात्री कुणी कडी लावत नव्हतं.
छत्तीस माग उजाडेपर्यंत खडखडत,
तीनच्या सुमाराला कुणी बिडीला बाहेर,
कुणी चहाचं पातेलं घेऊन या शेडातनं त्या शेडात.
चोर आला असता तर त्याच्याही हातात
कुणीतरी कप दिला असता,
पाळीवरचा नवा पोरगा समजून.

त्या आवाजात पाळण्यातली पोरं झोपायची.
वीज गेली, माग थांबले,
की सगळी गल्ली दचकून उठायची.

आता वीज जात नाही.
माझे चार माग मीच विकले, भंगारात, किलोवर.
टेम्पोत चढवायला रावळूचा मोन्या होता.
माझ्याकडंच शिकलेला, तुटलेला धागा
अंधारात बोटानं हुडकून काढायचा.
शेवटचा पगार देताना मी म्हटलं, बघू की काहीतरी.
त्यानंही मान हलवली. दोघांनाही ठाऊक होतं
बघण्यासारखं काही नाही.

मार्चपासून तीन घरं फुटली.

रेणव्वा सौंदत्तीला गेली होती, पौर्णिमेला.
आजीच्या पुतळ्या गेल्या, समई गेली.
पण दुधावर झाकण होतं,
अन् जाणाऱ्यानं कडी परत लावलेली, मांजर शिरू नये तशी.
ठाण्यावर जबाब कानडीत झाला.
मडिवाळर हवालदार चांगला माणूस,
ओळ न् ओळ मराठीत सांगितली त्यानं,
रेणव्वा ऐकत बसली
जणू भलत्याच कुणाचं घर फुटलंय.
‘पावती आहे काय, अव्वा?’
आजीच्या पुतळ्यांची पावती कुणाकडं असते गा?

दुसऱ्या घरानं तक्रारच दिली नाही.
पोरीचं लग्न ठरलंय;
चोरी झाली म्हटलं की सोनं किती होतं तेही निघतं.

तिसऱ्यांचा सिलिंडर, मोटारीतली तांब्याची तार.
‘बघूया की,’ म्हणाले ठाण्यावर, अन् अजून बघूलालेत.

वर्षअखेरीला आकडा आला:
आमच्या भागात घरफोडी, एक.
गेल्या साली दोन होत्या.
म्हणजे निम्म्यावर आली.
खोटं कशाला बोलू,
वाचून मलाही जरा बरं वाटलं.

तिन्ही घरांत एक गोष्ट सारखी:
काळ्या भुंकला नाही.
सहा वर्षं झाली, पोस्टमनला अजून सोडत नाही तो काळ्या.
हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं
अन् मारुतीच्या देवळातल्या बैठकीत
एकजण बोलला नाही.
बोलणं झालं ते भाड्याच्या खोलीतल्या बिहारी पोरांवर,
कॅमेऱ्याच्या वर्गणीवर,
मग गस्तीच्या पाळ्या लागल्या.

मंगळवार माझा. जोडीला मोन्या.

काठी त्याच्याकडं, शिट्टी माझ्याकडं.
पुढं काळ्या, शेपूट हलवत.
मोन्याला बॅटरी लागत नाही,
कुठली फरशी हलते, कुणाच्या पायरीला चीर,
कुठं वाकून जायचं, सगळं पायाला पाठ.
वरच्या खिडकीतनं कुणीतरी विचारलं,
‘यार्री अदू?’
‘आम्हीच,’ मोन्या म्हणाला.
खिडकी बंद झाली.

बंद शेडांपाशी चालणं आपोआप हळू होतं.
तिथं तो म्हणाला,
‘अज्जा, तुमच्या मागच्या दाराचं बिजागर सैल झालंय.
घट्ट करून घ्या.’
मागच्या दाराला आतनं पोतं टांगलेलं आहे.
बिजागराचं मी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.
शिट्टी ओठाशी होती. फुंकली नाही.
‘करायचंच आहे,’ म्हटलं,
‘सकाळी तूच ये की, स्क्रू घेऊन.’

आला. आंघोळ करून, भांग पाडून.
तीन स्क्रू बसले, चौथा फिरतच राहिला,
भोक मोठं झालं होतं.
त्यानं चुलीपुढची काडी मोडून भोकात घातली,
मग पिळला.

चहा घेतला. बशीत ओतून, पूर्वीसारखा.

बिजागर धरून आहे.
मंगळवारी आम्ही दोघं जातो.