उजवा रकाना

मी क्लासमध्ये सर नाही.
सक्करदऱ्याच्या चौकात, तिसऱ्या मजल्यावर
मी फक्त आकडे उतरवतो.
रविवारी सराव परीक्षा, सोमवारी माझं रजिस्टर:
नाव, तुकडी, सातशेवीसपैकी किती.
डावीकडे बारा रकाने. उजवीकडे एक,
तो निकालापर्यंत कोरा.

अकरा वर्षं झाली.
पोरं सगळ्यात मोठा आकडा मावशीला सांगतात,
परीक्षेत मात्र सरासरी येते.
पहिले सराव सोडून द्या,
तेव्हा अर्धा अभ्यासक्रमच झालेला नसतो.
शेवटचे पाच घ्या.
घरी सोडवलेल्या पेपरातून तीस वजा,
घरी घड्याळ आपलं ऐकतं.
तोच पेपर दुसऱ्यांदा सोडवला असेल तर खोडाच.
उरेल त्यातून पंधरा काढा, मे महिन्याच्या नावानं.
मग दोन्ही बाजूंना वीस-वीसची जागा ठेवा,
माणसाला कूस बदलता येईल एवढी.

माझे वडील तांडापेठेत मागावर बसायचे.
वीतभर विणलं की सांगायचे,
हे लुगडं काठाला खेचणार.
खेचायचंच.
आई म्हणायची, तुमच्या तोंडी चांगलं येतच नाही का?
ते म्हणायचे, मी कुठं काय केलं, ताणा बोलतो.

ताणा नेहमी बोलत नाही.
निनाद हेडाऊ. पाचही सराव सहाशे चाळीसच्या आसपास,
सपाट, पहाटेच्या अंबाझरीसारखे.
निकाल चारशे एकाहत्तर.
जुलैत आला, जिन्यातच थांबला,
"काका, माझी ओळ एकदा पाहता का, चुकली असेल."
ओळ बरोबर होती.
परीक्षेच्या आदल्या रात्री तो मेडिकलच्या वॉर्डात
खाली चादर टाकून
बापाच्या सलाईनचे थेंब मोजत होता.
त्याला माझ्याकडे रकाना नाही.
क्लासच्या फलकावर तर नाहीच.

यंदा चौतिसावी ओळ: मृण्मयी धकाते.
माझीच.

रजिस्टर घरी आणत नाही, असं तिला सांगायचो.
खोटं नव्हतं. आकडे पाठ होते.
एप्रिलच्या एका रात्री कूलरमध्ये पाइप सोडला
आणि वीजबिलाच्या पाठीवर
पाच आकडे, भागिले पाच, वजा पंधरा:
पाचशे चौतीस.
पुन्हा केलं. तेच.
कूलर भरून वाहिला, पायाखाली ओल आली
तेव्हा कळलं.

परीक्षेच्या सकाळी म्हणालो, "नीट लिही."
ती म्हणाली, "बाबा, परीक्षेचंच नाव आहे ते."
हसलो दोघं. जरा जास्तच.

कामठी रोडला शाळेसमोर एकच कडुनिंब,
खाली साठ-सत्तर आईबाप.
सावली सरकली की सगळे सरकत होते,
डबे, पिशव्या, एक घडीची खुर्ची.
माझ्या खिशात बिल होतं.
घामानं शाई पसरली असेल म्हणून पाहिलं.
पसरली नव्हती.

निकाल: पाचशे एकतीस.
तीनचा फरक.
अकरा वर्षांत माझं गणित इतकं जवळ
दोन-तीनदाच आलं असेल.
एकदा चुकलं असतं तर काय बिघडत होतं?
निनादच्या वेळी चुकलंच की.

ती तर्री-पोह्याची प्लेट पुढ्यात घेऊन बसली,
चमचा फिरवत म्हणाली,
"तुम्हाले माहीत होतं नं?"
मी पिळून झालेलं लिंबू
पुन्हा पिळलं.

सोमवारी उजव्या रकान्यात ५३१ लिहिलं,
सगळ्यांचं लिहितो तसंच, निळ्या शाईनं.

आज वाठोड्याहून एक बाई आल्या, तीन जिने चढून.
"पोराचे साडेपाचशे येऊन राह्यले जी,
खऱ्यात किती येतीन?"
रजिस्टर उघडलं. असा आकडा कुणाचा होता
ते शोधत बोट खाली गेलं, चौतीसवर थांबलं.
बाईंचे डोळेही तिथंच.
"हे कोणाचं जी?"

"बसा," म्हणालो.
"आधी पाणी घ्या."