चार टिंबं

देसीच्या कोर्टाबाहेर, निलगिरीखाली
माझा बाप अर्ज लिहून द्यायचा.
दर पानावर नव्हता, वाक्यावर होता:
वाक्य संपलं की चार टिंबं,
चार टिंबांचे दहा सान्तीम.
मी दौत सांभाळायचे
आणि शेवटी आकडा सांगायचे.

येशिमेबेत आली ती दर विचारूनच.
मग बोलायला लागली, थांबेचना –
बांध सरकवला आणि बैल सोडले आणि
उभं तेफ चरलं आणि मी ओरडले तर हसला आणि
त्याचा भाऊ शिपाई आहे आणि

शब्दाशब्दांमधली दोन टिंबं फुकट,
ती पडत राहिली वाटेवरच्या लेंड्यांसारखी.
बापाचा बोरू दर वेळी हवेत थबके,
टोकाशी शाई जमे,
चौघांना टेकायला जागाच मिळेना.

पान उलटलं.
आणि नवरा कुंपणापाशी गेला आणि
हातात नुसती काठी आणि

"बाई, श्वास घ्या," बाप म्हणाला,
"श्वासाचे पैसे नाहीत."

तिने घेतला.
तेवढ्यात ह्याने ती चार उमटवून टाकली.

तिला वाचता येत नव्हतं, टिंबं कळत होती.
बोट जवळ नेलं, शाई ओली होती.

"चुकलं. खरवडतो," बाप म्हणाला,
"पुढचं सांगा."

बराच वेळ ती कुंपणाकडे बघावं तशी
त्या ओळीकडे बघत राहिली.
मग पदराची गाठ सोडली.
"असू दे," म्हणाली,
"इथे तो अजून उभा आहे."

मी आकडा सांगितला.
एक.