काटा

आमच्या घरात थंडी पंख्याच्या बटणावर मोजतात.
मार्गशीर्ष संपत आला की बाबा
बटणावर चिकटपट्टी लावतात,
आधी आडवी, मग उभी,
कोणी चुकूनही दाबू नये म्हणून.
आई असताना ती नुसती म्हणायची, "पंखा."
एवढंच. आणि पंखा थांबायचा.

हलव्याला वारा चालत नाही.
खरं तर हलव्याला कन्नमवार नगरही चालत नाही.
खाडी जवळ, भिंती दमट,
जानेवारीतही गंजीफ्रॉक पाठीला चिकटलेला.
पण आईच्या हलव्याला काटा यायचा.
कसा, ते तिने लिहून ठेवलं नाही,
आम्ही विचारलं नाही.
आम्ही परातीशेजारी बसून
फसलेले दाणे खायचो,
आणि ते दरवर्षी कमी फसत गेले.

बाबांनी एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात
किल्ल्यांचे दात घासले.
त्यांना वाटलं, हातांना कळेल.
पहिली परात : तीळ करपले.
दुसरी : पाक जास्त, एकाच ढेकळात सगळं गाव.
तिसरी : दाणे गोल, पांढरे, गुळगुळीत,
होमिओपॅथीच्या गोळ्यांसारखे.
"दिवसातून तीन वेळा, चार-चार," बाबा म्हणाले,
आणि हसले नाहीत.

रविवारी मिहिकाचं पहिलं बोरनहाण.
दुकानांत दागिन्यांचे खोके रचलेले असतात,
प्लॅस्टिकच्या खिडकीचे, मुकुट-बासरीसकट.
मी म्हटलं, आणते.
बाबांनी फोन ठेवून दिला.

मग ती एक रात्र आली.
मुंबईला वर्षातून दोनदाच येते,
चप्पलसुद्धा न काढता, दारातूनच बोलून जाणारी.
साडेचारला फोन : "ऐरोलीला पडली का?
इकडे पडलीय. ये."
पोरीला शालीत गुंडाळून मी खाडीपूल ओलांडला.
खाली रोहित पक्षी एका पायावर झोपलेले असणार.
अंधारात गुलाबी काहीच नव्हतं.

बाबा जमिनीवर. शेगडी मंद.
गळ्यात मफलर, बोटांची टोकं लाल.
चमचाभर पाक, मग फिरव, फिरव,
थांब.
पुन्हा चमचाभर.
"बघ," म्हणून त्यांनी एक दाणा
माझ्या तळहातावर ठेवला.
टोचला.
अगदी बारीक, मांजरीच्या जिभेसारखा.
मग माझ्या हातावरही उठला,
पार कोपरापर्यंत.
थंडीने असेल.

दोन दिवस घरभर पांढरा दोरा, पुठ्ठा, सोनेरी कागद.
बिंदी वाकडी झाली.
बाजूबंद पोरीच्या मांडीला बसतील एवढे.
मुकुट मात्र मापात,
आणि हाराच्या मधोमध, पदकाच्या जागी,
एक किल्ली.
मी दात मोजले. पाच. प्रत्येकाची उंची वेगळी.
"कशाची?"
"जुन्या खोलीची."
ती इमारत पाडून आता सहा वर्षं झाली.
"हातांना पाठ आहे," म्हणाले.

चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, लिमलेटच्या गोळ्या
डोक्यावरून ओतल्या. मजल्यावरची पोरं तुटून पडली.
मिहिका रडली नाही.
तिने किल्ली तोंडात घातली
आणि दोरा उघडा पडेपर्यंत सोडली नाही.
सिकेरांची नाताळातली ताटली
तिळगूळ घालून परत करताना
बाबा त्यांना दारातच सांगत होते :
"एकतीस वर्षं केल्या हो.
एकही चवीला बरी नव्हती."

सोमवारी उकडायला लागलं.
मी चिकटपट्टी नखाने सोडवली,
आधी उभी, मग आडवी.
पात्यांवरची महिन्याभराची धूळ खाली आली,
आणि कपाटाखालून एक दाणा,
घरंगळता येईना, काट्यांवर अडखळत.
बाबा झोपले होते.
चांगला दाणा खायचा नसतो, तो दागिन्यात जातो.
आई हातावर चापट मारायची.
मी थोडी वाट पाहिली,
मग खाल्ला.