सर्वांत थंड दिवसासाठी

आम्ही जो दिवस धरून हिशेब करतो
तो अजून उजाडलेला नाही.
उणे एकेचाळीस, वारा वायव्येचा, वार मंगळवार.
वार मीच घातला. रविवारी माणसं उशिरा उठतात,
मंगळवारी सहा ते आठ
सगळा जिल्हा एकदम पाणी तापवतो.

तीस वर्षांतून एकदा येणाऱ्या त्या दोन तासांसाठी
अकरा महिने मी पाइप वाढवते आहे,
डलूथच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर.
पडद्यावर निळी रेघ: जमिनीतली, माझ्या जन्माआधीची.
तिला खेटून तांबडी, तुटक: अजून नसलेली.
इकडे तिला लूप म्हणतात.
जुनीतून फुटायचं, एकवीस मैल सोबत चालायचं,
पुन्हा जुनीतच मिसळायचं.

रेघेच्या टोकाला हार्यू.
घरं एकशे ऐंशी, शाळा एक, लोखंडाची खाण बंद.
गॅसची शेवटची पंगत तिथे बसते.
वाटेत कागदगिरणी वाढून घेते, मग इस्पितळ,
मग तळ्याकाठची नवी वसाहत,
आणि हार्यूच्या पानात येतो
भांडं खरवडून निघालेला दाब.
माझ्या मंगळवारी, सात वाजून दहा मिनिटांनी,
तिथला आकडा लाल होतो.

मार्चमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत सभा घेतली.
बास्केटबॉलच्या रेषांवर घडीच्या खुर्च्या,
ओल्या बुटांचा वास, वेलचीचा पाव.
मी आलेख दाखवला. कुणी खोकलं.
मागून रेइनो सारेला उठला, वय एक्याऐंशी.
तांबडी रेघ त्याच्या बर्चच्या रांगेतून जाते,
मला वाटलं, झाडांचं बोलेल.

म्हणाला, तुमचा तो दिवस मी पाहिलाय.
ज्योती विझल्या तेव्हा आम्ही
लाकडाची शेगडी असलेल्या तीन घरांत निजलो,
एकेका खोलीत चौदा जण.
आउने किवेलाचा नवरा रात्रभर खोटं खोटं घोरला,
मुलांना हसू यावं म्हणून.

कुणी हसलं नाही. आउने किंचित हसली.

सभा संपल्यावर तो मला घरी घेऊन गेला.
कॉफी नाही, बस नाही.
स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेणबत्ती धरली.
काच बंद, कडी लावलेली,
तरी ज्योत आडवी झाली, माझ्याकडे.
म्हणाला, हा बघ तुझा पाइप.
इथे येऊन संपतो.

रात्री हॉटेलात गणित पुन्हा मांडलं.
खिडक्या बुजवल्या, छपरांखाली कापूस भरला,
सगळं पडद्यावर, फुकटात.
सात दहाला आकडा काळाच राहिला.
एकवीस मैलांचे उरले सहा.
दोनदा तपासलं. मग तिसऱ्यांदा,
चूक सापडावी अशी आशा धरून.

लॉयल हेगस्ट्रम माझा साहेब, वाईट माणूस नाही.
त्याने कागद शेवटपर्यंत वाचला,
चष्मा काढून टेबलावर ठेवला.
जमिनीत पुरलेल्या पोलादावर
आयोग आपल्याला वर्षाकाठी परतावा देतो, म्हणाला.
लोकांच्या खिडक्यांवर देत नाही.
हे तो असं म्हणाला
जसं आपण म्हणतो, बाहेर बर्फ पडतंय.

अर्ज शुक्रवारी जातो.
चारशे पानं, नकाशे, माती, बेडकांची गणती,
बर्चची झाडं: एकोणतीस.
खिडकी हा शब्द कुठेही नाही.

परिशिष्ट जोड, असं मला कुणी सांगितलेलं नाही.
जोडू नकोस, असंही नाही.
गुरुवार आहे. कचेरीत एकटीच.
पडद्यावर दोन्ही रेघा शेजारी शेजारी,
एक गॅस वाहणारी, एक वाट पाहणारी,
आणि बाहेर एप्रिल, नुसता गार,
कुठल्याच हिशेबात न धरलेला.

परिशिष्ट ड, मी टाइप करते.
पान पहिलं.
घरं एकशे ऐंशी. मेणबत्ती एक.