एक सूत

दोन आटे गेला, तिसऱ्याला अडला.
मी पाना खाली ठेवला.
जोर लावला असता तर बसलाही असता,
आणि ब्लॉकमधले आटे कायमचे गेले असते.

टेम्पो अण्णांचा. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत
सुताची बिमं पोचवतो.
प्रेशर मीटर कुरिअरने आलं, सेन्सरसकट.
खोक्यावर लिहिलंय: सगळ्या गाड्यांना बसतं.
सगळ्या म्हणजे कुठल्या, ते लिहिलेलं नाही.

इरेशम मामांच्या लेथवर दुपारी तीनला
पंखा ऊन इकडचं तिकडे करत होता, एवढंच.
मामांनी नखाने आटे चाचपले,
पट्टी लावली, चष्मा कपाळावर ढकलला.
"बघ की पोरी, हे इंचाला सत्तावीस,
तुझ्या इंजिनाचे पंचवीस नि थोडे.
नावाला एक सूत, जाडीला दहा मिलिमीटर.
फसतंय की माणूस."
त्यांचे वडील मागावर कापड ताणून
इंचातले धागे मोजायचे, भिंगाखाली, सुईच्या टोकाने.
हे पितळेत मोजतात.

षटकोनी कांडी. बाहेरून एक माप, आतून दुसरं,
मध्ये तेलाला जायला पेन्सिलीएवढी वाट.
"जुळलं बघ सूत," म्हणाले,
साठ रुपये घेतले
आणि पिवळ्या किसाचा गुंता फुंकरीने उडवला.

अण्णांनी टेफ्लॉनची टेप सात वेढे गुंडाळली,
कांडी भरल्यासारखी. घट्ट, देखणी.
चावी मारली. इंजिन चालू, काटा शून्यावर.
वायर तपासली. फ्यूज तपासला.
मीटरवाल्याला दोन शिव्या दिल्या.
रात्री भाकरी मोडताना डोक्यात आलं:
सेन्सरला वायर एकच.
करंटची परतीची वाट आट्यांतूनच,
पितळेतून, ब्लॉकमधून, बॅटरीपर्यंत,
आणि ती आम्हीच सात वेढ्यांनी बुजवलेली.
बॅटरीच्या उजेडात टेप सोलली.
पहिला आटा सोडून सीलंटचा एक थेंब.

काटा चाळीसवर.

अण्णांना मीटर कधी लागलं नव्हतं.
तेल कमी पडलं की टॅपेटचा आवाज कोरडा व्हायचा,
आम्हाला ऐकू यायच्या आत गाडी कडेला.
पण टेम्पोआधीची अठरा वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलेली.
शेडने आपली वसुली उशिरा केली, कानातून.
मागच्या उन्हाळ्यात हैदराबाद रोडच्या वळणावर
इंजिन खडखडत होतं, आणि हे पान चघळत निवांत.
मी शेजारी होते म्हणून. ओरडले म्हणून.

कानाचं मशीन कपाटात आहे, डबीत, सेलसकट.
मीटर आणलं तेव्हा एवढंच विचारलं,
"गाडीसाठी आहे ना?"
गाडीसाठीच, म्हटलं.

आज होटगी नाक्यावर सिग्नलला काटा पंधरावर आला.
"गरम झालं की उतरणारच," मी मोठ्याने सांगितलं.
त्यांनी नेहमीसारखी मान बॉनेटकडे कलती केली,
थोडा वेळ तशीच धरली,
मग काट्याकडे बघितलं.
मागचे हॉर्न वाजवत होते.

घरी आल्यावर बोट फिरवलं:
जोडाच्या बुडाशी तेलाचा ओलावा.
अजून पाव फेरी.
जास्त नको.