गाळलेला ह

गंगापूर धरणाच्या अंगाला आमची टेस्टिंग रूम.
मी ओतते. तीस मिली,
थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही.

त्या दुपारी मिनीबसमधून चौघं उतरले,
दोघं ब्रिटिश, दोघं अमेरिकन.
ड्रायव्हर रंगनाथला चौघं एकाच भावाचे:
गोरे, घामेजलेले, उतरताना टीप देणारे.
मलाही एकच होते
पहिला शब्द कानावर पडेपर्यंत.

रसेल. आयुष्यभर बॉयलर दुरुस्त केलेला माणूस.
मोठ्यानं हसत म्हणाला,
"तुमची आउस वाइन दाखवा की!"
हाउसमधला ह त्यानं घरी ठेवला होता,
किंवा त्याच्या घरात तो कधी आलाच नव्हता.

शेजारी मिस्टर पेलम ग्लास फिरवत राहिले.
भुवई उचलली असं म्हणता येणार नाही,
पण त्यांच्या चेहऱ्याच्या आत कुठेतरी
कुणी दार लोटून घेतलं, हलक्या हातानं.
तो आवाज माझ्या ओळखीचा आहे.

सातवीत, शहरातल्या शाळेत, पहिल्याच आठवड्यात
मी हात वर करून म्हणाले होते, पानी.
बाईंनी प्रेमानंच विचारलं, काय हवंय?
पानी.
नीट सांग.
पानी.
मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसले,
जीभ टाळूला लावून, आतल्या आत
ण, ण, ण.

"आमच्याकडे असलं काही नसतं,"
कॅरोलिन म्हणाली. "आम्ही सगळे मधलेच."
तिचे दात बागेतल्या तारांसारखे,
एका रेषेत ओढून बांधलेले.
मग तिनं घराची किंमत सांगितली, दोन्ही घरांची,
कुणी विचारलं नसताना,
आणि मिस्टर पेलम असे खाली बघू लागले
जणू चारचौघांत कुणी पादलं.
तिचा मेहुणा ड्वेन हसला. हात तोंडावर धरून.
वरची एक दाढ नव्हती, शेजारची पण नव्हती.
आम्ही सगळे मधलेच, तो म्हणाला,
हाताच्या आडून.

सकाळी सगळे देवळालीला जाऊन आले होते.
रसेलचा आजा तिथं बराकीत
घरी नेणाऱ्या बोटीची वाट बघत महिने काढायचा,
इतके, की म्हणे वेड लागायची पाळी आली.
"माझेही आजोबा तिथेच," मिस्टर पेलम म्हणाले.
"बंगल्यात."
एवढंच म्हणाले.
डास दोन्हीकडे सारखेच चावले असणार,
पण ते त्या वाक्यात आलं नाही.

मी दुसरी बाटली उघडली. या मातीबद्दल,
थंडीबद्दल, पिंपाबद्दल बोलले.
मिस्टर पेलम पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाले,
तुमचं इंग्रजी अप्रतिम आहे, शिकलात कुठे?
मोबाइलवर, रात्री, कानात वायर घालून,
दोन वर्षं. एकेक ह
उशीखाली जपून ठेवलेला. हे सांगितलं नाही.
थँक यू म्हटलं.

तेव्हा रसेल म्हणाला, ही पोरगी
माझ्यापेक्षा साहेबी बोलते राव!
सगळे हसले. तोही हसला,
पण शेवटी त्याचं तोंड जसं मिटलं
ते मी आरशात बघितलेलं आहे, सातवीत.
म्हणजे या वेळी दार लोटणारा हात माझा होता.

त्यानं रिकामा ग्लास पुढे केला.
आता साधं काहीतरी दे. वॉटर.
तुमच्यात काय म्हणतात त्याला?

जीभ सवयीनं टाळूकडे निघाली होती.
बारा वर्षांची तालीम. अर्ध्या वाटेतून
मी तिला खाली आणली.

"पानी," मी म्हणाले.
"पानी," तो म्हणाला, पहिल्याच फटक्यात,
अगदी माझ्या आईसारखं.

दारात खोकं उचलता उचलता रंगनाथ थबकला,
माझ्याकडे बघून मिशीत हसला.

मी ग्लास काठोकाठ भरला.

उद्या त्यांची बस पुण्याला जाणार आहे.