साडेतीनची जीप

धुळ्यात, लॉ कॉलेजच्या मागच्या वर्गात,
संध्याकाळी सहाच्या तासाला
मी ऑस्ट्रियातला एक खटला शिकवतो.
छोटा पेपर, मोठा पेपर.
मोठ्याकडे पहाटे दारोदार अंक टाकणारी माणसं.
छोटा म्हणाला, माझेही न्या, भाडं देतो.
मोठा म्हणाला, नाही.
लक्झेंबर्गच्या कोर्टाला त्या नकारात
गैरवापर दिसला नाही. टपाल आहे, दुकानं आहेत, टपऱ्या आहेत.
जिच्यावाचून अडतंच, ती वाट अपरिहार्य;
जिच्यावाचून नुसतं महाग पडतं, ती नव्हे.

हे मी फळ्यावर लिहितो, खाली दोन रेघा मारतो.
दर वर्षी दहा मार्कांना येतं.

तिसऱ्या बाकावरून वैजयंता शिंपी उभ्या राहतात.
वय सेहेचाळीस, दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी,
रिकामा डबा अजून पिशवीत वाजतोय.
"सर, मना बापना पेपर व्हता,"
म्हणतात, आणि वर्गाची भाषा आठवून सावरतात.

शिरपूरचे लोटन शिंपी. दोन पानं, एक ट्रेडल मशीन,
कपाशीचे भाव, नळाची वेळ, कुणाची म्हैस हरवली.
तीनशे अंक तापीच्या अलीकडच्या गावांना जायचे,
म्हणजे जायला हवे होते.
मोठ्या पेपरची जीप साडेतीनला धुळ्याहून निघे,
गठ्ठे शिरपुरात उतरवून रिकामी परते,
सोनगीरपर्यंत ड्रायव्हर एकटाच गाणी म्हणत.
वडील मालकाला भेटले. चहा मिळाला.
मालक म्हणाला, लोटनशेठ, गाडी माझी,
डिझेल माझं, आणि उद्या वाचकही तुमचे?

मग दुधाचा टेम्पो. कॅनच्या मध्ये गठ्ठा,
वरचे वीस अंक रोज ओले.
नरडाण्याच्या मास्तरांनी ते चुलीजवळ वाळवून वाचले,
असं वडील सांगत, खरं-खोटं देव जाणे.
चार वर्षं असं चाललं. मग टेम्पोचा मार्ग बदलला.

"म्हणजे कोर्ट बरोबर होतं," त्या म्हणतात,
"वाट होती. ओली होती, पण होती.
माझं विचारणं वेगळं आहे.
दोन हजार तीन साली आमच्या एक्स्चेंजमध्ये
खाजगी कंपनीची माणसं आली, हातात कागद.
वरून आदेश होता, यांची केबल आपल्या रॅकला जोडा.
पहिली जोडणी मी केली, या हातांनी.
साहेब दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.
दुसऱ्याचा फोन आमच्या तारेतून वाजायला लागला
आणि सरकार म्हणालं, हेच बरोबर.
तारेला सांगता येतं, सर. जीपला का नाही?"

मी सांगितलं, जे सांगायचं असतं ते.
तारेचं जाळं लोकांच्या पैशानं उभं राहिलं,
दुसरं कुणी रातोरात उभारू शकत नाही,
म्हणून तिथे आधीच नियम, वेगळा नियामक,
जोडणीचा दर ठरलेला.
जीप ज्याची त्याची. तिच्यावर सक्ती केली
तर उद्या जीप घेईलच कोण?
पुस्तकात हे पटतं. तिथेही पटलं असावं,
कारण सगळे खाली मान घालून लिहू लागले.

वैजयंताबाई मात्र फळ्याकडे बघत होत्या,
त्या दोन रेघांकडे.
"अडतंच आणि महाग पडतं," त्या म्हणाल्या,
"यांच्या मध्ये किती पैसे असतात, सर?"

मला उत्तर आलं नाही. घंटा झाली, ते बरं झालं.

गेल्या शनिवारी पुण्याची गाडी चुकली आणि
पहाटे स्टँडवर बसलो होतो.
एका पेपरची गाडी उभी होती, आता पिकअप,
मागचं फळकं उघडं.
पोरगा गठ्ठे लावत होता, एकावर एक, सुतळी तोंडात धरून.
अर्धी भरली आणि निघाली.

उरलेली जागा मी नजरेनं मोजली.
तीनशे अंक मावले असते,
पाय पसरून मावले असते.